वाडग्यावरची शीग

"बाई, एक वाटी जांभळाचा गर म्हणजे किती ग्रॅम?" असा फोन निवृत्त झाल्यावरही मला आठवड्यातून एकदा तरी येतो. मी उलट विचारते, "वाटी कुठली?" पलीकडचं माणूस म्हणतं, "आमची नेहमीचीच." आता तुमची नेहमीची वाटी मी भोरात बसून कशी बघणार? पण चिडून उपयोग नसतो. मी सांगते, वाटी आधी रिकामी काट्यावर ठेवा, मग पाणी भरून ठेवा आणि दोन्हीतला फरक कळवा. इथपर्यंत आलं की निम्मे लोक "बघतो आणि सांगतो" म्हणून फोन ठेवतात आणि परत काही करत नाहीत. त्यांना ग्रॅम नकोच असतात. कुणीतरी "चालेल हो" म्हणायला हवं असतं, आणि ते माझ्या तोंडातून कधी निघालं नाही.

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत मी बचत गटांच्या बायकांना फळांचे टिकाऊ पदार्थ करायला शिकवायचे. जॅम, सरबतं, मुरांबे, लोणची. खांद्याला पिशवी, पिशवीत काटा, वजनं, एक फूटभर लांब स्टीलची पट्टी आणि जुनं घड्याळ. एसटी जिथं संपते तिथून पुढं पायी. घरी यायला संध्याकाळ व्हायची आणि पिशवीतून घरभर फणसाचा वास सुटायचा. नवरा म्हणायचा, तुझी पिशवी बाहेर ठेव आणि तू आत ये.

काम ऐकायला सोपं वाटतं. घरातली बाई मापानं करते: दोन वाट्या हे, एक वाटी ते. पुस्तक वजनानं सांगतं. बाटलीवर चिकटवायच्या कागदावरही वजनच लिहावं लागतं. या दोन्हींच्या मधे मी. मापाचं वजन करून द्यायचं आणि वजनाचं माप, एवढाच माझा धंदा. पण फळ हे मापायला फार लबाड असतं. वाडगाभर अख्खी करवंदं घेतली तर निम्मी हवाच असते. तीच चिरली की त्याच वाडग्यात दीडपट मावतात. कैरीचा कीस हलक्या हातानं भरला तर एक वजन आणि अंगठ्यानं दाबून भरला तर जवळजवळ दुप्पट. जांभूळ पावसाच्या आधीचं वेगळं आणि नंतरचं पाणी प्यालेलं वेगळं. म्हणून "वाटीभर" या शब्दावर माझा विश्वास कधी बसला नाही.

सारोळ्याच्या एक सासू-सुना होत्या. दोघींनी त्याच कैऱ्यांचा, एकाच वाटीनं, माझ्याच कागदावर बघून साखरांबा केला. सासूचा दगड झाला, सुनेचा पाण्यासारखा. दोघी आपापली बरणी घेऊन नसरापूरच्या प्रशिक्षणाला आल्या आणि सगळ्यांसमोर माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, सांगा आता कोण चुकलं. मी दोघींना कीस भरून दाखवायला सांगितलं. सुनेनं हलकेच भरला म्हणून कीस थोडा आणि साखर जास्त, सासूनं मुठीनं दाबला म्हणून उलट. म्हणजे खरं तर सुनेचा दगड व्हायला हवा होता. खोदून विचारल्यावर कळलं की येताना एसटीत बरण्यांची अदलाबदल झाली होती आणि सकाळपासून दोघी एकमेकींची समजून आपापल्याच बरणीला नावं ठेवत होत्या. वाटी कशी भरायची तेच मी कागदावर लिहिलं नव्हतं, तेव्हा चूक माझी, असं मी सांगितलं. त्याचं दोघींना फारच वाईट वाटलं. भांडायला काही उरलं नाही ना.

किकवीला हमरस्त्यावर एक हॉटेलवाला होता. कैरीचं पन्हं विकायचा. त्याला मी किलोला किलो असं प्रमाण दिलं होतं, त्यानं काटा न घेता लिटरच्या मगानं सगळं मापलं. गर एक मग, गुळाचे खडे एक मग. "दुधाला किलो आन् लिटर सारखंच चालतं, मग गुळाला काय धाड भरली?" असं मला विचारलं. मी त्याच्या मगात गूळ भरून वर पाणी ओतून दाखवलं. खड्यांच्या फटींत अर्धा मग पाणी सहज गेलं. तो म्हणाला, "म्हंजे गुळाच्या दुकानदारानं मला फशिवलं." त्याच्यापुढं मी हात टेकले.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं होतं, नोकरीतले अनुभव लिहा, जरा गमतीचे लिहा. गमती लिहून झाल्या. आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते लिहिते.

वेल्ह्याच्या पुढं, डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. नाव सांगत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. पंधरा वर्षांपूर्वी तिथल्या गटात हौसाबाई नावाच्या बाई होत्या, साठीच्या आतबाहेरच्या. सडपातळ, काळ्यासावळ्या, बोलायला मोजक्या. करवंदाचा मुरांबा करावा तर त्यांनीच. करवंदं अर्धी लाल झालेली, चिरून बिया काढलेली, पाकात अशी पारदर्शक दिसायची की बरणी उजेडाला धरून बघत बसावं. पुढच्या करवंदांपर्यंत टिकायचा. औषध नाही, काही नाही. सगळ्या वाडीच्या लग्नांत, बारशांत मुरांबा त्यांच्या हातचा, आणि त्या कढईपुढं बसल्या की दुसरी कुणी झाऱ्याला हात लावत नसे. गटानं तो विकायला काढायचं ठरवलं तेव्हा पुण्याच्या प्रदर्शनात जागाही मिळाली. गटाच्या अध्यक्ष सुरेखाताई मला म्हणाल्या, "बाई, हौसाक्काचं सगळं हातात हाय. कागदावर उतरवून द्या. उद्या त्या आजारी पडल्या तर आमी काय करायचं?"

बरोबरच होतं. मी गेले. हौसाबाईंचं माप म्हणजे एक पितळी वाडगं. तोंड वीतभराला थोडं कमी, खोली चार बोटं. कृती सांगितली ती एका दमात, "दोन वाडगी करवंदं, एक वाडगं साखर. पाक आला की उतरायचं." मी काटा मांडला. करवंदं भरली. ती गोल, काठावर ठरत नाहीत, घरंगळून खाली जातात, त्यामुळे वाडगं काठाशी काठ भरलं. सहाशे ग्रॅम. मग हौसाबाईंनी साखर भरली. साखर ओतत गेल्या, ओतत गेल्या, आणि वाडग्यावर चांगला चार बोटं उंच ढीग झाला. माप काठोकाठ भरल्यावर वर जो ढीग राहतो त्याला आमच्याकडं शीग म्हणतात.

मी पिशवीतून स्टीलची पट्टी काढली आणि वाडग्याच्या काठावरून फिरवली. शिकलेच तशी होते: माप नेहमी सपाट करून घ्यायचं. शीग परत गोणीत पडली. हौसाबाई म्हणाल्या, "बाई, शीग गेली की."

"मावशी, हिशेबाला सपाट माप लागतं."

"गोडाचं माप आमी कापत न्हाई कधी. भरलं तसं घ्येतो."

"खायला घ्या तसं. तक्त्याला असं नाही चालत."

"बरं," हौसाबाई म्हणाल्या. मी शिकवायला आलेली बाई, पिशवीत काटा असलेली. त्या आणखी काय म्हणणार होत्या? मी वजन केलं, नऊशे ग्रॅम. तक्त्यावर लिहिलं: करवंदं बाराशे ग्रॅम, साखर नऊशे. बाजूला घड्याळ लावून एक घाणा करून घेतला, तो पस्तीस मिनिटांत उतरला. खाली लिहिलं, पस्तीस मिनिटं. तो घाणा मात्र हौसाबाईंनी त्यांच्या पद्धतीनं, शीग लावून केलेला होता, आणि हे माझ्या ध्यानातच आलं नाही. उलट मुरांब्याला किलोला किलो साखर लागते असं मीच शिकवत होते, तर इथं कमी साखरेत काम होतंय याचं मला कौतुक वाटलं. पारंपरिक पद्धतीत साखरेची बचत होते, असं मी अहवालातही लिहिलं. वरच्या साहेबांनी त्याच्याखाली रेघ मारून "उत्तम" असा शेरा दिला. तो शेरा मी दोन-तीन जणांना दाखवलासुद्धा.

प्रदर्शनाचा माल करायला मी नव्हते. नंतर कळलं ते असं. सगळं तक्त्याप्रमाणे काट्यावर मोजलं. झारा हौसाबाईंच्या हातात. पस्तीस मिनिटं झाल्यावर त्या म्हणाल्या, "अजून पाक आला न्हाई. ऱ्हाऊ द्या." सुरेखाताईंनी तक्ता वाचला. "हौसाक्का, बाईंनी पस्तीस लिवलंय. करपलं तर?" बाटल्या जायची गाडी खाली रस्त्यावर उभी होती. उतरवलं.

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी झाकणं फुगायला लागली. एका बाईंनी बाटली उघडली तर फेस उसळून त्यांच्या साडीवर. आंबलेला वास पार शेजारच्या दुकानापर्यंत गेला. त्यांनी आरडाओरडा केला, प्रदर्शनवाल्यांनी माल उचलायला लावला. बायका बाटल्यांची खोकी घेऊन, पिशव्यांनी तोंड लपवत परत आल्या. आयुष्यात पहिल्यांदा पुण्याला काही विकायला गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गटाची बैठक झाली, मला बोलावलं. समाजमंदिरात सगळ्या बसलेल्या. कुणी म्हणालं बाटल्या ओल्या होत्या, कुणी म्हणालं करवंदं पिकून गेलेली होती. मग एक जण म्हणाली, हौसाक्काचा हात बिघडला, वय झालं आता. सुरेखाताई माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बाई, तक्ता तर बरोबर हाय न्हवं?"

त्याच वेळी गोणीत पडलेली ती शीग माझ्या डोळ्यांपुढं आली. अगदी त्या क्षणी. आतून कळलं, पण मी म्हणाले, "मी घरी जाऊन तपासते." हौसाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्याकडंच बघत होत्या. चहा आला. मी चहा घेतला आणि शेवटची एसटी गाठायची म्हणून उठले.

घरी आल्याबरोबर तेवढ्याच तोंडाचं आणि खोलीचं भांडं शोधून साखरेची शीग लावली आणि वजन केलं. बाराशे ग्रॅम. दोन वाडगी करवंदं बाराशे, एक वाडगं साखर बाराशे. किलोला किलो. जे मी पुस्तकातून शिकले होते ते ही बाई हातानं करत होती, आणि मी पट्टी फिरवून त्यातला पाव हिस्सा काढून टाकला होता.

आता करायचं काय होतं, तर एसटीनं परत जायचं आणि सांगायचं. एवढंच. नोकरी गेली नसती. फार तर साहेबांनी तो "उत्तम" खोडला असता. पण मी तसं केलं नाही. मी नवा तक्ता लिहिला, वर "सुधारित" असं लिहून: करवंदं एक किलो, साखर एक किलो. घेऊन गेले आणि सांगितलं, आता वाडगं-बिडगं नको, काटाच वापरायचा, वाडग्यानं घोटाळे होतात. माझे शब्द होते ते. सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. नव्या तक्त्यानं केलेला मुरांबा वर्षभर टिकला, आणि टिकल्यामुळे सिद्ध काय झालं, तर बिघाड हौसाबाईंच्या वाडग्यात आणि हातात होता. मी त्यांचंच प्रमाण त्यांच्याकडून काढून घेतलं आणि माझं म्हणून गटाला दिलं.

त्यानंतर कढईपुढं सुरेखाताई बसायला लागल्या. हौसाबाई बाटल्या धुवायला. पुढच्या हंगामात त्या यायच्याच बंद झाल्या. एकदोनदा वेल्ह्याच्या स्टँडवर भेटल्या. "बरं हाय न्हवं, बाई?" एवढंच विचारायच्या. मी "बरंय, तुम्ही?" म्हणायचे, आणि एसटी लवकर यावी असं वाटायचं. गटाचं नाव झालं, माल लांब लांब जायला लागला. माझ्या निरोपाच्या समारंभात त्याच मुरांब्याची बाटली मला भेट मिळाली. मी ती उघडली नाही. अजून आहे कपाटात, आणि अर्थातच खराब झालेली नाही.

यंदा संपादकांचं पत्र आलं. लिहायला बसले तर दुसरं काही सुचेना. जावयाला म्हटलं, मला गाडीनं त्या वाडीवर ने. हौसाबाईंच्या घरी त्यांची सून मनीषा अंगणात नाचणी पाखडत होती. तिनं ओळखलं, "आत्या, भोरच्या बाई आल्यात." हौसाबाई ओट्यावर होत्या. पंच्याहत्तरीच्या झालेल्या, डोळ्यांत मोतीबिंदू, हात किंचित थरथरता. पितळी वाडगं अंगणातच होतं. कोंबड्यांना पाणी ठेवलेलं.

मी बसले आणि इकडचं-तिकडचं न बोलता सांगून टाकलं. पट्टी, शीग, नऊशे, बाराशे, सगळं. मनीषाचं सूप हातात राहिलं. हौसाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हायती हाय मला."

"कधीपासून?"

"तुमी पट्टी फिरवली तवापासनं. म्या म्हणलं व्हतं की, शीग गेली."

मी विचारलं, "मग त्या दिवशी सगळ्या तुम्हाला बोलत होत्या तेव्हा गप्प का बसलात?"

"तुमी व्हता की तितं बसलेल्या," हौसाबाई म्हणाल्या. "म्हणलं, बाई शिकल्याली हाय, तिच्या ध्यानात आलंय, तिच्या तोंडावर दिसतंय. आता सांगंल. मंग तुमी च्या प्याला आन् गेला."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला सांगून काय व्हनार? मला ठावंच हाय. तिकडं गटात सांगा. आज समद्या तितंच हायती."

गटाची आता पत्र्याची मोठी शेड आहे, गॅसच्या शेगड्या, आकडे दाखवणारा काटा. भिंतीवर माझा तक्ता, प्लास्टिकमधे घातलेला. सुरेखाताईंनी खुर्ची दिली, चहा मागवला. मी कप हातात घेतला नाही. उभी राहून आधी सांगितलं. बायका काम थांबवून ऐकत होत्या, त्यांतल्या निम्म्या नव्या, त्यांना हौसाक्का कोण तेच माहीत नव्हतं. सुरेखाताई भिंतीवरच्या तक्त्यापाशी गेल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे ह्यो तक्ता हौसाक्काचाच की. आन् म्या त्यांना बाटल्या धुवायला बसवलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आलं नाही. मला नुसती लाज वाटत होती.

परत आले तर हौसाबाई ओट्यावरच होत्या.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"च्या घ्येतला तितं?"

"नाही."

"मंग हितं घ्या." मनीषाला हाक मारून त्यांनी चहा टाकायला सांगितला. साखरेचा डबा स्वतः जवळ ओढला, चमचा भरला, आणि थरथरत्या हातानं, शीग न सांडू देता, माझ्या कपात टाकला. मी कप खाली ठेवला तेव्हा अंगणातल्या वाडग्याकडं बघत म्हणाल्या, "त्याच दिशी सांगितलं असतं ना बाई, तर हात थरथरायला लागंस्तवर म्या कढईम्होरं बसले असते."

हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. मी "हो" म्हणाले.